१८० बॅगा जमल्या, मग प्लेटलेट ५०-५५च्याच का निघाल्या? बॅग नेमकी कुठे बिघडते ते सांगते

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात तुमच्या मंडळाने रक्तदान शिबिर घेतलं, सकाळी ९ ते ३, पत्र्याच्या मंडपात, १८० बॅगा झाल्या, ४ वाजता गाडी भरून निघाली आणि ७० किलोमीटरवरच्या रक्तकेंद्रात ६ला पोचली. नंतर कळलं की प्लेटलेट (रक्तस्राव थांबवणाऱ्या बारीक पेशी) आणि फ्रेश प्लाझ्मा (रक्तातला पिवळा पातळ भाग) जेमतेम ५०-५५ बॅगांचाच बनला, बाकीच्यांच्या नुसत्या लाल पेशी. मग आमचं रक्त खराब होतं का, की मधल्या मधे कुणी गडबड केली? हे शेवटचं सरळ विचारलंत ते बरं केलंत, सगळ्यांच्या मनात असतं पण तोंडावर कुणी विचारत नाही.

मी २१ वर्षं रक्तपेढीत टेक्निशियन आहे, त्यातली बरीचशी कंपोनंट सेक्शनला, म्हणजे रक्ताचे घटक वेगळे करतात तिथे. (आता कागदोपत्री रक्तकेंद्र म्हणायचं, पण माझ्या तोंडात रक्तपेढीच बसलंय.) तुम्ही वेळा दिल्यात ना, त्या वाचूनच निम्मं उत्तर मिळालं मला. पण ते शेवटी सांगते, आधी बॅग समजून घ्या, नाहीतर हिशोब कळणार नाही.

लोकांना वाटतं की रक्त घेतलं, मशीनमध्ये टाकलं की त्यातनं प्लेटलेट "बनतात". काही बनत नाही हो. सेंट्रिफ्यूज फक्त वेगळं करतं, जड खाली हलकं वर, एवढंच. दंडातनं बॅगेत येताना आणि बॅगेतनं आमच्या टेबलावर येईपर्यंत जे बिघडलं ते मशीन दुरुस्त करत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आणि रक्ताची वाट लागते ती बहुतेक वेळा पहिल्या १० मिनिटांत नाहीतर पुढच्या ५-६ तासांत, लॅबमध्ये फारच कमी.

दुसरी गोष्ट, बॅगेत तीन वेगवेगळ्या स्वभावाची मंडळी एकत्र राहतात आणि त्यांचं आपसात पटत नाही. लाल पेशींना थंडी आवडते, २ ते ६ डिग्रीला त्या सीपीडीए या नेहमीच्या द्रावणाच्या बॅगेत ३५ दिवस आणि एसएजीएम हे पेशी टिकवणारं जादा द्रावण घातलं तर ४२ दिवस टिकतात. प्लाझ्मात रक्ताची गुठळी करणारे जे फॅक्टर (प्रथिनं) असतात, त्यातला आठव्या नंबरचा फार नाजूक, तास जातील तसा उतरत जातो, म्हणून प्लाझ्मा लवकरात लवकर काढून उणे ३०ला गोठवायचा. आणि प्लेटलेट म्हणजे एकदम नाजूक नवरी, तिला २० ते २४ डिग्रीच पाहिजे, ना गरम ना गार, आणि सारखं हलवत ठेवायचं, तरीही आयुष्य ५ दिवस. आता तुम्हीच बघा, ही तिन्ही एकाच पिशवीत असताना तुम्ही गाडीत ती पिशवी कशी ठेवणार? बर्फात ठेवली तर लाल पेशी खूश पण प्लेटलेट गेल्या. उघड्यावर ठेवली तर मे महिन्यात सगळ्यांचीच वाट. सगळं दुखणं इथे आहे.

थंडीने प्लेटलेट का जातात हे पण सांगते कारण नवीन पोरं दरवर्षी हाच प्रश्न विचारतात, "मॅडम फ्रीजमध्ये तर सगळंच जास्त टिकतं ना?" पूर्वी प्लेटलेट पण फ्रीजमध्येच ठेवायचे. १९६९ मध्ये मर्फी आणि गार्डनर या दोघांनी दाखवून दिलं की थंडीत ठेवलेल्या प्लेटलेट पेशंटच्या अंगात टिकतच नाहीत, खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या कितीतरी जास्त टिकतात. साध्या भाषेत सांगायचं तर प्लेटलेट निरोगी असते तेव्हा चपटी असते, कॅरमच्या सोंगटीसारखी. थंडी लागली की ती फुगून गोल होते, काटे फुटल्यासारखी, आणि पेशंटला दिली की लिव्हर तिला ओळखून पटकन बाहेर काढतं. म्हणजे काउंट (रक्तातली प्लेटलेटची संख्या) वाढवायला दिलेल्या प्लेटलेट काही तासांत गायब. नातेवाईक म्हणतात चार पिशव्या चढवल्या, काउंट हलला नाही. आणि एकदा गोल झालेली परत चपटी होत नाही, नंतर कितीही २२ला ठेवा.

आता दंडापासून सुरू करू.

कोपराच्या खळीची कातडी. १६ गेजची सुई म्हणजे चांगली जाड असते, ती आत जाताना कातडीचा बारीक तुकडा कापून घेऊन जाते आणि त्या तुकड्यावर जे जंतू असतील ते सरळ बॅगेत. लाल पेशी फ्रीजमध्ये जातात म्हणून तिथे हे जंतू सहसा वाढत नाहीत. प्लेटलेट मात्र २२ डिग्रीला ५ दिवस, आपल्यासाठी तो एसी असतो आणि जंतूंसाठी पाहुणचार. म्हणून हल्लीच्या चांगल्या बॅगांना बाजूला एक छोटी पाऊच असते, पहिलं थोडं रक्त तिच्यात वळवतात, टेस्टिंगचे सॅम्पल तिच्यातनंच घेतात, आणि कातडीवरची घाण पण तिकडेच जाते. पण पाऊच असली तरी साफसफाई नीट पाहिजे. किमान अर्धा मिनिट चोळायचं आणि मग वाळू द्यायचं, आणि हे वाळू देणंच कुणी करत नाही. ओलं असताना प्रिक केलं तर औषधाने काम केलेलंच नसतं. आणि सगळ्यात मोठं पाप म्हणजे साफ केल्यावर परत बोटाने शीर चाचपणं! मी स्वतः केलंय नवीन असताना, सगळे करतात, सिनियर मॅडमने हातावर फटका मारला तेव्हा सुटलं.

मग फ्लो. चांगली शीर, चांगला प्रिक, तर बॅग ५ ते ८ मिनिटांत भरते. १० मिनिटं झाली की आम्ही कान टवकारतो. युरोपातल्या नियमात लिहिलंय की १२ मिनिटांच्या वर गेली तर तिच्या प्लेटलेट करू नका, १५च्या वर गेली तर तिचा प्लाझ्मा सरळ पेशंटला देऊ नका. कारण असं की रक्त शिरेबाहेर आलं की गोठायची तयारी सुरू करतं, ते त्याचं कामच आहे. बॅगेतलं सायट्रेट त्याला अडवतं, पण सायट्रेट बॅगेत आहे, सुईपासून बॅगेपर्यंतच्या ट्यूबमध्ये नाही. थेंब थेंब येणारं रक्त ट्यूबमध्ये जास्त वेळ रेंगाळतं, तिथेच फॅक्टर जागे होतात, प्लेटलेट एकमेकींना चिकटायला लागतात. बॅग वरून लालभडक मस्त दिसते, वजन बरोबर, ग्रुप बरोबर, आणि आतल्या प्लेटलेट अर्ध्या खर्ची पडलेल्या. हेच सुईने शीर सापडेपर्यंत आत खुपसाखुपशी केली तरी होतं, फोडलेल्या मांसातनं गोठवणारा रस सुईत येतो. म्हणून एकदा चुकलं तर त्याच बॅगेने दुसरा प्रिक करायचा नाही, बॅग गेली तर जाऊ दे.

फ्लो स्लो होतो त्याची कारणं पण बघा किती साधी असतात. डोनर सकाळपासून पाणी प्यायलेला नाही. मंडपात घाम गाळत तासभर लाइनीत उभा. दंडाला बांधलेला कफ (पट्टा) सुटलाय. हातात बॉल दिलाय पण दाबतच नाहीये, मोबाइल बघतोय. ट्यूब कोपराखाली दुमडली. एका शिबिराचं रजिस्टर माझ्या टेबलावर आलं होतं, सलग चाळीसेक बॅगांसमोर एकाच अक्षरात एकाच पेनाने "६ मिनिटं" लिहिलेलं. माणसाच्या शिरा इतक्या शिस्तीत वागत नाहीत हो! म्हणजे वेळ बघितलीच नाही, संध्याकाळी बसून भरलं. आता यातली कुठली बॅग १४ मिनिटं लागलेली आहे हे मी कसं ओळखू? प्लेटलेट करून बसले आणि पुढे क्वालिटी कंट्रोलला काउंट पडला, तेव्हा कळतं.

हलवणं. ही गोष्ट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारी. ३५० मिलीच्या बॅगेत ४९ मिली सायट्रेटवालं द्रावण असतं, ४५०च्यात ६३, म्हणजे दर १०० मिली रक्ताला १४. पण ते मिसळलं तर उपयोग. शेकर असेल तर तो बॅग हलवतो, वजन करतो, फ्लो कमी झाला की पिपाणी वाजवतो, भरली की ट्यूब बंद करतो. पण मोठ्या शिबिरात २० कॉट आणि ८ शेकर असं असतं. बाकी १२ ठिकाणी कुणीतरी हाताने हलवायचं, दर अर्ध्या-पाऊण मिनिटाला, हळूच, वरखाली. आणि नेमके तेव्हा साहेब येतात. साहेब आले की सगळे उभे, फोटो, डोनरच्या हातात प्रमाणपत्र, बॅग हलवणारा पोरगा पण फ्रेममध्ये घुसतो. पाच मिनिटं बॅग तशीच पडून.

असल्या बॅगेचं पुढे काय होतं ते एकदा जवळनं बघितलंय. सॉफ्ट स्पिन (सेंट्रिफ्यूजची हळू फेरी) झाला, मशीनच्या बकेटमधनं बॅग उचलून एक्सप्रेसरला (बॅग दाबून वरचा थर काढायचं साधन) लावली, वरचा पिवळा थर दुसऱ्या बॅगेत उतरायला लागला आणि मधेच थांबला. मला वाटलं ट्यूब दुमडली असेल. उजेडात धरून बघितलं तर तोंडाशी जांभळाएवढी काळपट गुठळी, तिच्यामागे शेवयांसारखे तंतू लोंबतायत. गुठळी म्हणजे संपूर्ण बॅग डिस्कार्ड, प्लाझ्मा नाही, लाल पेशी पण नाही, सरळ कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. एका माणसाने रजा टाकून, सुईला घाबरत घाबरत येऊन दिलेलं रक्त. पाच मिनिटं हलवलं नाही म्हणून.

वजनाचं पण असंच. बॅग कमी भरली तर लोकांना वाटतं थोडं कमी, चालतंय की. पण द्रावण तर तेवढंच ना! ३५०च्या बॅगेत २३०च आलं तर १००ला १४ च्या जागी २१ सायट्रेट झालं. ती बॅग प्लेटलेट-प्लाझ्माला बाद. आणि "दादा तब्येतीने चांगले आहेत, थोडं जास्त घ्या" करून ओव्हर भरली तर उलटं, सायट्रेट कमी पडतं आणि डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक गुठळ्या होतात. काटा असतो तो शोभेला नसतो. एक मिली रक्त साधारण १.०५ ग्रॅम, म्हणजे ३५०च्या बॅगेत नुसतं रक्त ३६८ ग्रॅमच्या आसपास, त्यात द्रावण आणि रिकाम्या बॅगेचं वजन मिळवायचं, हा हिशोब काट्याशेजारी कागदावर लिहून चिकटवलेला असावा. डोनरचं वजन ४५ किलो असेल तर ३५०, ५५च्या वर असेल तर ४५०, हे आधीच ठरवून बॅग उचलायची. जी हाताला लागली ती लावायची असं नाही.

सुई काढल्यावर ट्यूबमधलं रक्त स्ट्रिपरने (ट्यूब दाबून रक्त पुढे सारायचा चिमटा) लगेच बॅगेत सारायचं, बॅग हलवायची आणि मिसळलेलं रक्त परत ट्यूबमध्ये येऊ द्यायचं. ट्यूबमधल्या रक्ताला सायट्रेट मिळालेलंच नसतं, ते दोन-चार मिनिटांत गोठतं. उशिरा स्ट्रिप केलं म्हणजे आपल्या हाताने गुठळी आत ढकलली.

आता तापमान. मी खानदेशातली, मे महिन्यात आमच्याकडे जळगाव-भुसावळला पारा ४५ला टेकतो, पत्र्याखाली काय असेल ते वेगळं सांगायला नको. दंडातनं निघालेलं रक्त ३७चं, ते बॅगेत येईपर्यंत थोडं उतरतं, मग त्याला हळूहळू २२पर्यंत आणायचं असतं. मंडपातच ४२ असेल तर ते उतरणार कुठे? आणि त्यात बॅगा एकावर एक रचून ठेवल्या, धुणं बांधल्यासारख्या, तर मधल्या बॅगा तासन् तास कोमट राहतात. पेशी कोमट असताना जास्त साखर खातात, आम्ल तयार होतं, पीएच पडतो. बॅगा भरायच्या आधी पण सांभाळाव्या लागतात बरं का, खोकी उन्हात, पाकिटं सकाळीच फाडून ठेवलेली, असं नको.

मग कुणीतरी हुशारी करतं आणि थर्मोकोलच्या डब्यात बर्फ टाकतं. त्या बॅगांच्या प्लेटलेट गेल्या, वर सांगितलंच. त्याहून वाईट म्हणजे डीप फ्रीजरमधनं काढलेले उणे २०चे आईसपॅक थेट बॅगेला टेकवणं, तिथल्या लाल पेशी गोठून फुटतात. अशी बॅग स्पिन केली की वरचा प्लाझ्मा कोकम सरबतासारखा गुलाबी दिसतो, बघूनच पोटात गोळा येतो. योग्य काय, तर डब्यात २०-२२ डिग्रीला ठेवलेले जेल पॅक, बॅगा आडव्या एका थरात, आणि डब्यात थर्मामीटर किंवा तापमान नोंदवत राहणारा डेटा लॉगर. यासाठी एक खास प्लेट पण मिळते, ब्युटेनडायॉल भरलेली, ती साधारण २०च्या आसपास वितळते आणि गरम बॅगेची उष्णता ओढून घेते पण त्याखाली थंड करत नाही, फार छान वस्तू आहे पण महाग, सगळ्यांकडे नसते. हॉलंडमध्ये अशा प्लेटा लावून रक्त रात्रभर २२ला ठेवतात आणि सकाळी आरामात कंपोनंट करतात. म्हणजे उशीर हा काही आपोआप गुन्हा नाही, पण तिकडे तापमान आणि प्लेटलेट काढायची पद्धत दोन्ही वेगळं आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आधी सॉफ्ट स्पिन करून प्लेटलेटवाला प्लाझ्मा काढायचा आणि मग हार्ड स्पिन (जोरात फिरवणं), या पद्धतीला ६ तासांची मर्यादा आहे.

आणि इथे तुमच्या १८० बॅगा येतात. पहिली बॅग समजा सव्वानऊला भरली, तिचे ६ तास सव्वातीनला संपले, तेव्हा ती अजून तुमच्या मंडपातच होती. गाडी ६ला पोचली, म्हणजे दुपारी १२च्या आधीच्या सगळ्या बॅगा दारातून आत येतानाच प्लेटलेटसाठी बाद, बॅग चांगली असूनही. उतरवणं, नंबर जुळवणं, वजनं, बकेट बॅलन्स करणं, साडेसहाला पहिला स्पिन लागला असं धरू. शेवटच्या बॅगा ३च्या, त्यांची मुदत ९ला. एका सेंट्रिफ्यूजमध्ये मॉडेलप्रमाणे ६ किंवा १२ बॅगा बसतात, लावणं-फिरणं-थांबणं-काढणं धरून एक फेरी अर्ध्या तासाच्या आसपास. साडेसहा ते नऊ पाच फेऱ्या, १२ प्रमाणे ६० बॅगा, ते पण हार्ड स्पिनला दुसरं मशीन मोकळं असेल तर. त्यातनं कमी वजनाच्या आणि उशीर लागलेल्या काढा, ५०-५५. माझा हिशोब कागदावर केला तर तुमचाच आकडा आला. गडबड कुणी केलेली नाही, घड्याळाने केली. उलट त्यांनी मुदत उलटलेल्या बॅगांच्या प्लेटलेट केल्या नाहीत, आणि तुम्हाला खरा आकडा सांगितला, दोन्ही चांगली लक्षणं आहेत.

प्लाझ्माला थोडी जास्त सवलत असते, पण ६-८ तासांत गोठवला नाही तर त्याला फ्रेश म्हणता येत नाही. तो फेकून देत नाहीत मात्र, त्यातनं पुढे अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन काढायला कंपन्यांकडे जातो. आणि लाल पेशी सगळ्या कामाच्या. थॅलेसेमियाच्या पोरांना दर दोन-चार आठवड्यांनी लागतात त्या याच, बाळंतिणीला लागतात त्या याच. त्यामुळे १२५ डोनरचं रक्त वाया गेलं असं मनात पण आणू नका. गेली ती त्यांची प्लेटलेट.

पण ती पण काही कमी नाही. ४५०च्या एका बॅगेतनं चांगल्या प्लेटलेटची जी छोटी पिशवी निघते तिच्यात निदान साडेपाच हजार कोटी प्लेटलेट असाव्या लागतात. ती मोठ्या माणसाचा काउंट ५ ते १० हजाराने वर नेते. ऑगस्ट-सप्टेंबरला डेंग्यूने वॉर्ड भरलेले असताना याची किंमत काय असते ते आमच्या काउंटरला एक रात्र बसलात तर कळेल.

चांगली पिशवी ओळखायची कशी, तर उजेडाकडे धरून हळूच हलवायची. जुन्या घरात कौलातनं कवडसा पडायचा आणि त्यात चुलीचा धूर फिरताना दिसायचा, अगदी तसं आत काहीतरी चमकत फिरतं. त्याला आम्ही स्वर्ल म्हणतो. चपट्या प्लेटलेट उजेड परतवतात म्हणून ते दिसतं. गोल झालेल्या असतील तर पिशवी नुसती गढूळ, धुतल्या तांदळाच्या पाण्यासारखी, कितीही हलवा. पीएच ६च्या खाली गेला तर ती पिशवी संपली. ही स्वर्ल बघायची टेस्ट फुकट आहे, दोन सेकंदांची आहे, इश्यू करताना प्रत्येक पिशवीची करायची, मी आजही करते.

जेवणाबद्दल पण बोलते, कारण ते तुमच्या हातात आहे. उपाशी येऊ नका सांगितलं की लोक भरपेट वडे-भजी खाऊन येतात, लग्नसराईत तर आदल्या रात्रीचं हळदीचं मटण पण असतं. तूप-तेल जास्त झालं की प्लाझ्मा ताकासारखा पांढरट येतो. तो पेशंटला देता येत नाही, त्यातल्या मशीनच्या टेस्ट पण चुकतात, आणि अशा बॅगेत लाल पेशी फुटायचं प्रमाण पण जास्त. शिबिराआधी पोहे, उपमा, केळं, लिंबूपाणी ठेवा, वडापाव रक्त देऊन झाल्यावर. (गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईचा प्लाझ्मा कधी कधी हिरवट येतो, पहिल्यांदा बघितला तेव्हा मी घाबरलेच होते. तो काही खराब नसतो.) आणि डोकं दुखतंय म्हणून कुणी ॲस्पिरिनची गोळी घेतली असेल तर तीन दिवस त्याच्या प्लेटलेट करायच्या नाहीत, रक्त घ्यायला हरकत नाही. डोनर हे आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं, आणि लाइन रस्त्यापर्यंत गेली की विचारणारा घाईत असतो. गर्दीचा हा पण एक तोटा.

पुढच्या वेळी काय करायचं? माझं ऐकाल तर आकडा कमी करा. एका दिवसात १८० नको, ६०-७० घ्या आणि उरलेल्या डोनरना दोन-तीन महिन्यांनी बोलवा. प्लेटलेट ५ दिवसच टिकते, एका रविवारी १८० करून पुढच्या रविवारी तर शिल्लक मुदतबाह्य होऊन फेकायचीच वेळ येते. मंडळांना हे पटत नाही, मला माहितीये, बॅनरवर "१८० रक्तदाते" छान दिसतं आणि शेजारच्या मंडळाचे १५० झालेले असतात. पण विचारलंत म्हणून सांगते.

मे महिन्यातच घ्यायचं असेल तर मंडप नको, शाळेचा हॉल किंवा मंगल कार्यालय बघा, एसी असेल तर देवच पावला. रक्तकेंद्राशी बोलताना किती कॉट आणणार हे सगळे विचारतात, तुम्ही शेकर किती आणणार ते विचारा, जेवढे शेकर तेवढ्याच कॉट लावा म्हणून सांगा. डोनरना वेळ वाटून द्या, ९ला अमुक गल्ली, ११ला तमुक. पाहुण्यांचा सत्कार वेगळ्या खोलीत उरकून घ्या, कॉटजवळ फक्त डोनर आणि स्टाफ. संपल्यावर आठवड्याभराने त्यांना विचारा की किती बॅगा अंडरवेट (कमी भरलेल्या) झाल्या, किती गुठळ्या निघाल्या, किती कंपोनंट झाले. बहुतेक ठिकाणी हे कुणी विचारत नाही. विचारलंत की पुढच्या वेळी तुमच्या शिबिराला स्टाफ जरा नीट येतो, अनुभवाने सांगते.

आणि गाडी एकदम शेवटी नको. पहिली खेप ११ला, दुसरी दीडला, उरलेल्या बॅगा तिसऱ्या खेपेला, ७० किलोमीटरवर असाल तर हे डिझेल कुणी भरायचं ते आधीच बोलून घ्या, मंडळाने भरलं तरी ते डीजेपेक्षा स्वस्तच पडेल. फक्त एक करा, आपल्याकडे आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय सोडायची पद्धत नाही, पण दीडच्या खेपेच्या ड्रायव्हरला पंगतीला बसवू नका. डबा बांधून द्या.